पिठ्याची मूठ

भरतीच्या टेबलामागच्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "काय काम करता?"

"पाव," तो म्हणाला.

"पाव काय?"

"करतो."

आता कारकुनाने मान वर केली. समोर बुटका, रुंद खांद्यांचा, भुवयांपर्यंत पांढुरका दिसणारा माणूस उभा होता. सकाळची भट्टी उतरवून तो तसाच आला होता. तोंड धुतलं होतं, पण कानामागचं पीठ राहिलंच होतं. लढाईची त्याला बिलकूल हौस नव्हती. पण त्याच्या वयाचे बहुतेक सगळे गेले होते, आणि दुकानात पाव घ्यायला येणाऱ्या बायका आपापल्या मुलांची पत्रं वाचून दाखवताना मधूनच त्याच्या धडधाकट हातांकडे बघायच्या. बोलायचं कुणी काही नाही, नुसतं बघायच्या. सहा महिने त्याने ते सोसलं आणि एक दिवस बायकोला म्हणाला, "जातो."

"कुठे, ते कळेल का?" ती म्हणाली. पण तिला कळलं होतं. तिने त्याचे मोजे काढून रफू करायला घेतले.

बाराव्या वर्षापासून तो वडिलांच्या बेकरीत होता. पहाटे उठून दोन पोती पीठ भल्या मोठ्या लाकडी काठवटीत मळायचं, हे त्याचं काम. दोनशे वेळा दुमडायचं, गोळा उलटायचा, पुन्हा दोनशे, आणि मोजायचं मनातल्या मनात, अशी वडिलांची शिस्त होती. भट्टीतून निघालेला पाव उलटा धरून बुडावर बोटाने टकटक करायची आणि आवाजावरून आतून कच्चा आहे की भाजलाय ते ओळखायचं, हेही त्यांनीच शिकवलेलं. या टकटकीनेच त्याचं नशीब फिरवलं. भरतीच्या वेळी कानांची परीक्षा होती. लांब आणि आखूड आवाजांच्या जोड्या ऐकवायच्या आणि दोन्ही सारखे की वेगळे ते विचारायचं. पन्नासपैकी त्याचे पन्नास बरोबर आले. तपासणाऱ्या अधिकाऱ्याला वाटलं, शेजारच्याचं बघून लिहिलं. त्याने त्याला एकट्याला बसवून पुन्हा परीक्षा घेतली. पुन्हा पन्नास.

अशा रीतीने, बेकरीच्या गच्चीपेक्षा उंच कशावर कधी न चढलेला माणूस बाँबफेकी विमानाचा बिनतारी चालक झाला.

प्रशिक्षणाच्या तळावर एका मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये शंभरेक माणसांना कोंडलं आणि सांगितलं, आपापल्या तुकड्या आपणच जमवा, संध्याकाळपर्यंत वेळ आहे. सगळे एकमेकांकडे लग्नाच्या बाजारात उभं केल्यासारखे बघायला लागले. तो भिंतीला टेकून उभा राहिला. मग बराच वेळ त्याच्याशी बडबडून गेलेला एक काटकुळा बंदूकवाला दोन माणसांना दंडाला धरून ओढत त्याच्यापाशी आला आणि म्हणाला, "याला घ्या. मी मघापासून याच्याशी बोलतोय, हा एकदाही मधे बोलला नाही. मला ऐकणारा माणूस लागतो."

हा बंदूकवाला, म्हणजे विमानाच्या शेपटीत बसून बंदूक चालवणारा, तोच टकळी. नाव त्याला तिथल्या तिथे पडलं, कारण त्याचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसायचं. त्याने ओढून आणलेल्यांपैकी एक होता वैमानिक. वय वर्षं एकवीस, मिशी राखायचा प्रयत्न चालू होता पण मिशीची तयारी नव्हती. त्याला सगळे कप्तान म्हणायला लागले. दुसरा वाट दाखवणारा, म्हणजे नकाशा बघून विमान कुठे आहे आणि कुठे जायचं ते सांगणारा. तो एका शाळेत भूगोल शिकवायचा, म्हणून मास्तर. त्याच्या खिशात कायम चार टोक केलेल्या पेन्सिली असायच्या, आणि कुणी खोलीत बूट न पुसता आलं की तो वर्गात बघावं तसा चष्म्यावरून बघायचा. आणि आपला बेकरीवाला झाला पिठ्या.

चौघांना एक खोली मिळाली. चार लोखंडी खाटा, मधे एक शेगडी, खिडकीची एक काच फुटकी. टकळी रात्री अंथरुणात पडल्यापासून बोलायला लागायचा. मास्तर म्हणायचा, "अरे, श्वास तरी घे." टकळी म्हणायचा, "तो मी बोलता बोलताच घेतो, मास्तर." पिठ्या काही बोलायचा नाही, पण टकळीची गोष्ट अर्धवट राहिली तर त्यालाच झोप लागायची नाही.

अकरावं उड्डाण होतं. थंडीची, स्वच्छ उजेडाची सकाळ. काम सोपं होतं. किनाऱ्यापासून थोडं आत पाण्यावर एक मोठा तराफा बांधून ठेवला होता. त्याच्यावर धुराचे आठ लुटुपुटीचे बाँब टाकायचे आणि जेवायच्या वेळेला परत यायचं. विमानाच्या पोटात एक चौकोनी दार होतं, तिथून शिडीने आत चढायचं. शेवटी चढणाऱ्याने दार लावून घ्यायचं, असा नियम. त्या दिवशी शेवटी पिठ्या चढला. त्याने दार ओढलं, खटका दाबला, खट् असा आवाज ऐकला आणि जाऊन आपल्या यंत्रापुढे बसला.

सात बाँब पडले. त्यांतले चार तराफ्याच्या आसपास, म्हणजे प्रगतीच म्हणायची. आठवा अडकला. कप्तानने दोनदा फेरी मारली, मास्तरने बटण दाबून दाबून बोट दुखवून घेतलं, बाँब काही सुटेना. तो घेऊन उतरायला परवानगी नव्हती. टकळी शेपटीतल्या काचेच्या पिंजऱ्यातून फोनवर म्हणाला, "मी बघतो. पोटाकडच्या फटीतून दिसतो तो." त्या पिंजऱ्यात जागा इतकी कमी असायची की छातीवरचं पॅराशूट बांधून बसताच यायचं नाही. अंगावर नुसते पट्टे आणि छातीशी दोन आकडे, आणि पॅराशूटचं गाठोडं मागे भिंतीला अडकवलेलं. गरज पडली की गाठोड्याच्या दोन कड्या त्या दोन आकड्यांत अडकवायच्या. टकळी तसाच, फोनची तार उपटून, वाकून वाकून पुढे आला. पिठ्याच्या पाठीमागे पोटातल्या दारावर गुडघे टेकले आणि फटीला डोळा लावला.

पिठ्याच्या मानेला एकदम गार वारा लागला.

तो वळला तेव्हा दार नव्हतं. दाराच्या जागी चौकोनी उजेड होता, खाली, फार खाली, शेतांचे तुकडे होते, आणि चौकटीच्या काठावर टकळीची चार बोटं होती. पिठ्याने झेप घेतली असं पुढे सगळे म्हणायचे, पण त्याला स्वतःला झेप आठवत नाही. त्याला एवढंच आठवतं की तो पालथा पडलेला होता, डाव्या हातात टकळीचं मनगट होतं आणि उजव्या मुठीत त्याच्या खांद्यावरचा पट्टा.

मास्तर रांगत आला. दोघांनी मिळून ओढलं. वारा टकळीला मागे रेटत होता, विमानाच्या पोटाशी चिकटवत होता. जाड कपडे फुगून तो एवढा मोठा झाला होता की चौकटीत काही केल्या येईना. कोपर आत यायचं आणि कंबर अडकायची. एकदा तो छातीपर्यंत वर आला, आणि विमानाने हिसका खाल्ला तसा परत खाली गेला. पिठ्याचे दोन्ही हात खांद्यातून उपटल्यासारखे झाले. मूठ सुटली नाही.

मास्तर कप्तानकडे गेला, परत आला. पिठ्याच्या कानाला तोंड लावून ओरडला, "कप्तान विचारतोय, किती वेळ धरशील?"

"धरतो," पिठ्या ओरडला.

"किती वेळ?"

पिठ्याने पट्टा आणखी घट्ट धरला. त्याला तो प्रश्नच कळला नव्हता.

असा लोंबकळता माणूस घेऊन उतरता येत नव्हतं. पोट जमिनीपासून हातभर वर, धावपट्टीवर टकळीचं काय झालं असतं ते सांगायला नको. पाण्यावर सोडावं तर उंचावरून पाणीही दगडच. कप्तानने विमान जेवढं हळू नेता येईल तेवढं हळू केलं. त्याहून हळू नेलं तर ते दगडासारखं पडणार, अशा धारेवर त्याने ते ठेवलं, आणि मिशी न फुटलेल्या त्या पोराने अर्ध्या तासाहून जास्त वेळ ते तसंच धरलं. त्याच्याविषयी कुणी फारसं बोलत नाही. पण पिठ्या म्हणायचा, त्यानंतर विमान आणखी एकदा जरी हिसकलं असतं तरी माझी मूठ काही कामाची नव्हती.

पिठ्याने मोजायला सुरुवात केली. दुसरं काही सुचेना म्हणून. दोनशे, उलटा, पुन्हा दोनशे. बोटांत आधी आग झाली, मग मुंग्या आल्या, मग बोटं आहेत की नाहीत तेच कळेनासं झालं. खाली टकळीचं तोंड दिसत होतं. वाऱ्याने गाल फडफडत होते, डोळ्यांतून पाणी वाहून कानात जात होतं, आणि ओठ हलत होते. सारखे हलत होते. आवाज शून्य. तीन हजार फुटांवर एका हाताला लटकूनसुद्धा हा माणूस बोलायचा थांबला नव्हता. पिठ्याला त्या परिस्थितीत हसू आलं, आणि हसल्याने मूठ ढिली होईल म्हणून त्याने दात ओठांवर रोवले. ते वळ पुढे आठवडाभर होते.

मास्तर परत आला तेव्हा त्याच्या हातात टकळीचं पॅराशूट होतं. तो चौकटीच्या दुसऱ्या बाजूला पालथा झोपला आणि कमरेपर्यंत बाहेर वाकला. त्याचा चष्मा उडून गेला. त्याने ते गाठोडं टकळीच्या छातीशी दाबलं आणि आकडे चाचपडायला लागला. पिठ्याला त्याची पाठ तेवढी दिसत होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग मास्तरने मान वर केली आणि ओरडला, "लागलं! दोन्ही लागले! सोड आता!"

पिठ्याने मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"पेट्रोल संपत आलंय, पिठ्या! खाली मोकळी शेतं आहेत! सोड!"

त्याला सोडायचं होतं. त्याने मनाने बोटं उघडली, आणि बघितलं तर ती तशीच बंद होती. एवढा वेळ त्याने ज्यांना फक्त धरायला सांगितलं होतं, ती आता दुसरं काही ऐकायला तयार नव्हती. त्याने मास्तरकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणापुढे रडकुंडीला आला होता.

"उघडत नाहीत," तो म्हणाला.

मास्तरने आपल्या दातांनी स्वतःचा हातमोजा काढला. मग त्याने पिठ्याची करंगळी धरली आणि मागे वाकवली. मग तिच्या शेजारचं बोट. एकेक बोट तो असं उघडत होता जसं एखाद्या मुलाच्या मुठीतून काहीतरी काढून घ्यावं, सावकाश, न दुखवता. पट्टा सुटला. मग मनगट. शेवटच्या बोटाच्या वेळी टकळीचे ओठ थांबलेले पिठ्याने बघितले. मग हातात काहीच नव्हतं.

तो लहान होत गेला. पिठ्या मोजत होता. एक, दोन, तीन, चार. काही नाही. पाच. मग एक पांढरी पट्टी उलगडली आणि फुगली. पॅराशूट उघडलं होतं, पण त्याखाली टकळी कडेला लोंबणाऱ्या पिशवीसारखा तिरका लटकत होता. कप्तानने विमान वळवलं. खाली एका नांगरलेल्या शेतात पांढरं कापड पसरलेलं दिसलं, बांधावरून दोन बायका आणि एक म्हातारा पळत येताना दिसले, आणि मग कापडाच्या कडेला एक हात वर झाला आणि हलला.

कप्तान पुढून काहीतरी ओरडला. शब्द कळले नाहीत, पण त्याचा आवाज फुटला होता, एवढं कळलं. पिठ्या चौकटीशी तसाच पालथा पडून होता. आपण आत्ता जे बघितलं ते माणसांनी केलं, आणि त्यांतला एक आपण होतो, हे त्याच्या डोक्यात मावेना. पुढे कितीतरी वर्षं ते तसंच न मावता राहिलं.

अडकलेला आठवा बाँब तसाच घेऊन विमान उतरलं, त्या दिवशी परवानगीचं कुणी विचारलं नाही. मास्तरने नंतर वहीत बघून सांगितलं, चौतीस मिनिटं.

टकळीचा उजवा पाय दोन जागी मोडला होता. पिठ्याची बोटं उतरल्यावर परत मिटली होती, ती कोमट पाण्यात तासभर ठेवल्यावर सुटली. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मात्र पुन्हा कधी सरळ झाली नाहीत. दवाखान्यात दोघांच्या खाटा शेजारी शेजारी आल्या. टकळीला बोलता यायला लागल्याबरोबर पिठ्याने एकच प्रश्न विचारला, "काय बोलत होतास?"

"केव्हा?"

"तिथे."

टकळीने छताकडे बघत थोडा विचार केला. "आधी शिव्या दिल्या. तुला, कप्तानला, दाराला, ज्याने दार केलं त्याला. त्या संपल्या. मग घरी दूधवाल्यापासून सगळ्यांची नावं घेतली. मग तीही संपली. मग नुसतं 'धर रे, धर रे' म्हणत होतो." आणि मग म्हणाला, "मला वाटलं, तुला ऐकू येतंय."

चौकशी झाली. दाराच्या खटक्यातली स्प्रिंग झिजलेली निघाली, कुणाची चूक नाही असा शेरा पडला. पिठ्याने तो कागद दोनदा वाचला. दार शेवटी आपण लावलं होतं, ही गोष्ट त्या कागदाने जाणार नव्हती. मास्तरने त्याच्या चेहऱ्यावरून ते ओळखलं असावं, कारण तो म्हणाला, "खट् असा आवाज ऐकलास ना? मग? पन्नासपैकी पन्नास कान आहेत तुझे." आणि खांद्यावर थोपटून निघून गेला. त्या दोघांचं बोलणं ते तेवढंच, आणि शेवटचंच.

कारण दोन बोटं वाकडी असलेल्या माणसाला बिनतारी संदेश ठोकता येत नाहीत आणि मोडक्या पायाच्या माणसाला पिंजऱ्यात बसता येत नाही. त्यांच्या जागी दुसरे दोघे आले आणि ती तुकडी लगेच दुसऱ्या तळावर गेली. अपघातानंतर चौथ्या महिन्यात कप्तान आणि मास्तर खऱ्या कामगिरीवर गेले. तिसऱ्या फेरीहून त्यांचं विमान परतलं नाही.

पिठ्या तेव्हा प्रशिक्षणाच्या तळावरच्याच मुदपाकखान्यात होता. बातमी आली तेव्हा तो कणकेत कोपरापर्यंत होता. त्याने ती कणीक पूर्ण मळली.

लढाई संपल्यावर तो घरी आला. बायकोला पत्रातून एवढंच कळलं होतं की हाताला थोडं लागलंय. पहिल्या दिवशी सकाळी तो सदऱ्याचं वरचं बटण लावायला झगडत उभा होता. ती आली, तिने बटण लावलं, त्याचा हात उलटा करून बघितला आणि म्हणाली, "हे थोडं?"

"थोडं," तो म्हणाला.

बाकीचं तिला टकळीकडून कळलं. तो काठी टेकत एकदा घरी आला आणि दारातूनच म्हणाला, "वहिनी, तुमच्या नवऱ्याने मला कपड्यासारखं वाळत घातलं होतं, सांगितलं का नाही?" त्याने जे सांगायला सुरुवात केली ते तीन कप चहा होईतो चाललं. ती मधे उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते. पिठ्यापाशी गेली आणि सगळ्यांसमोर त्याच्या त्या दोन वाकड्या बोटांना आपल्या मुठीत घेऊन बसली. टकळी बोलतच होता.

पुढच्या वर्षी एक पत्र आलं. मास्तरच्या थोरल्या बहिणीचं. तीही शिक्षिकाच. अक्षर छापल्यासारखं. "तुम्हाला एक वाचायला द्यायचं आहे. पोस्टाने पाठवायला धीर होत नाही. याल का?"

तो गेला. गाडीने चार तासांचा प्रवास. सोबत फडक्यात गुंडाळून सकाळचे दोन पाव घेतले होते. वह्या-पेन्सिलींच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्या राहत होत्या. भिंतीवर शाळेतले जुने नकाशे टांगलेले, टेबलावर तपासायच्या वह्यांचा ढीग. त्यांनी पाव घेतले, उलटे करून वास घेतला आणि म्हणाल्या, "तो लिहायचा तुमच्याबद्दल. बसा."

मग त्यांनी एक घडी घातलेला कागद त्याच्यापुढे ठेवला आणि स्वतः खिडकीशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

मास्तरने लिहिलं होतं: "ताई, एक गोष्ट मी इथे कुणाला सांगितलेली नाही. त्या दिवशी दोन आकड्यांपैकी एकच लागला. दुसरा वाऱ्यात सापडेचना, माझी बोटंही गारठली होती. बारा मिनिटांचं पेट्रोल उरलं होतं. एका आकड्यावर पॅराशूट धरेल की फाटेल, मला माहीत नव्हतं. खरं सांगितलं असतं तर पिठ्याने सोडलं नसतं. आम्हाला चौघांना घेऊन विमान पडलं असतं तरी सोडलं नसतं, मी त्याला ओळखतो. म्हणून मी म्हणालो, दोन्ही लागले. वर्गात मुलांना शंभर वेळा सांगितलं असेल, खरं बोला. आणि मग त्याची बोटं मीच उघडली. तो पोरगा तिरका का होईना उतरला, म्हणून मी आज झोपू शकतो. नसता उतरला तर मी पिठ्याला कधीच कळू दिलं नसतं, की त्याने एका आकड्यावर माणूस सोडला."

पिठ्याने ते तीनदा वाचलं. वाचायला त्याला वेळ लागायचा.

"राग आला का तुम्हाला?" ताईंनी न वळता विचारलं.

"नाही." कागदाची घडी घालत तो म्हणाला, "एकट्याने उचललं त्याने ते. मी शेजारी होतो. मला वजन लागूसुद्धा दिलं नाही."

ताई वळल्या. त्यांनी आत जाऊन सुरी आणली, एक पाव कापला, आणि दोघांनी तो नुसताच, काही न लावता खाल्ला.

परतीच्या प्रवासात पिठ्या मधेच एका शहरात उतरला. टकळी त्या शहरातल्या घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारायचा. हे काम त्याच्याचसाठी केलेलं होतं, दिवसभर बोलायचे त्याला पैसे मिळत. पिठ्या पोचला तेव्हा कोबीचा लिलाव संपून बटाट्याचा सुरू व्हायचा होता. टकळी रिकाम्या खोक्यावर मोडका पाय लांब करून बसला होता. पिठ्याने त्याला कागदातलं सगळं सांगितलं. एवढी वाक्यं त्याने सलग आयुष्यात बोलली नव्हती, मधे मधे अडखळत होता.

टकळी ऐकत राहिला. मग म्हणाला, "मला माहीत होतं."

पिठ्या शेजारच्या खोक्यावर बसला.

"अरे, माझ्याच छातीवर होतं ना ते. दुसरी कडी माझ्या हनुवटीखाली टकटक आपटत होती. मास्तरने माझ्याकडे बघितलं. चष्मा नव्हता, तरी बघितलं. म्हणजे विचारलं त्याने. मी मान हलवली."

"हो म्हणून?"

"हो म्हणून. दुसरं काय म्हणणार? वर तुम्ही तिघं होता ना. मोकळ्या हाताने पॅराशूट उघडायच्या दोरीची मूठ घट्ट धरली आणि गप्प बसलो. म्हटलं, मी काही बोललो आणि तुला नेमकं तेच ऐकू आलं तर पंचाईत."

"इतकी वर्षं..." पिठ्या म्हणाला. "तू? तुझ्या पोटात राहिलं हे?"

"एकच गोष्ट राहिली आयुष्यात, तीही तू आज काढलीस." टकळीने काठी उचलली. "तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? घरी बसून मला परत धरलं असतंस."

घंटा झाली. बटाट्याची पोती ओळीत लागली होती आणि व्यापारी जमायला लागले होते. टकळी लंगडत खोक्यावर चढला, घसा खाकरला आणि त्याने पहिली बोली पुकारली. त्याचा आवाज पत्र्याच्या छपरापर्यंत जाऊन सगळीकडे पसरला. एक शब्द दुसऱ्याच्या पायात पाय घालत होता, आकडे चढत होते, मधेच तो एखाद्या व्यापाऱ्याची चेष्टा करत होता, लोक हसत होते. पिठ्या खांबाला टेकून उभा राहिला. इथून तिथपर्यंत ऐकू येणारा तो आवाज तो पहिल्यांदाच ऐकतोय असं त्याला वाटत होतं. त्याची दोनची गाडी चुकली. चारचीही चुकली.